बाह्यकर्णातील सौम्य अर्बुदे

बाह्यकर्णातील सौम्य अर्बुदे म्हणजे कर्णपाळी आणि बाह्य कर्णनलिका या कानाच्या बाहेरील दोन भागांत उद्भवणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठी होत. त्वचा, कूर्चा, हाड, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे, मळ तयार करणाऱ्या ग्रंथी अशा कोणत्याही ऊतकापासून त्या निर्माण होऊ शकतात. यांपैकी काही, उदाहरणार्थ थंड पाण्यात पोहणाऱ्यांच्या कानातील हाडांचे उंचवटे, विशिष्ट लोकांत बऱ्यापैकी आढळतात. तर मळग्रंथींचे अर्बुद, कर्णनलिकेतील रक्तवाहिनी-अर्बुद किंवा मज्जातंतू-अर्बुद हे प्रकार अतिशय विरळ आहेत.

वैद्यकात ‘सौम्य’ हा शब्द गाठीच्या पेशींच्या स्वभावाबद्दल वापरला जातो; तिच्या परिणामांबद्दल नव्हे. सौम्य गाठ आसपासच्या ऊतकांत घुसत नाही व शरीरात अन्यत्र पसरत नाही. मात्र कर्णनलिका ही अत्यंत अरुंद जागा असल्याने तिच्यातील लहानशी निरुपद्रवी वाढदेखील मळ व पाणी अडवून ठेवते, वारंवार जंतुसंसर्ग घडवते आणि ऐकू येणे कमी करते. शिवाय यांतील कित्येक गाठी बाहेरून कर्करोगासारख्या, तर काही कर्करोग बाहेरून सौम्य गाठीसारखे दिसतात. त्यामुळे कानातील गाठ सौम्य आहे हा निष्कर्ष केवळ डोळ्यांनी पाहून काढता येतोच असे नाही. बहुतेक मऊ गाठींबाबत तो ऊतकपरीक्षणानंतरच काढला जातो.

शरीररचना

बाह्यकर्णाचे दोन भाग आहेत. बाहेरून दिसणारा पसरट भाग म्हणजे कर्णपाळी. तिचा सांगाडा लवचीक कूर्चेचा असून त्यावर पातळ त्वचा घट्ट चिकटलेली असते. जेथे सामान्यतः कान टोचतात त्या खालच्या मऊ भागात मात्र कूर्चा नसते. तेथे चरबी व तंतुमय ऊतक असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरील पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. हे आवरण कूर्चेपासून सुटे झाल्यास कूर्चा मरते व कानाचा आकार बिघडतो.

दुसरा भाग म्हणजे बाह्य कर्णनलिका. प्रौढ व्यक्तीत ती सुमारे २.५ सेंटीमीटर लांब असून कानाच्या पडद्यापाशी संपते. तिचा बाहेरील सुमारे एक-तृतीयांश भाग कूर्चेचा व आतील दोन-तृतीयांश भाग हाडाचा असतो. कूर्चेच्या भागातील त्वचा जाड असते. तिच्यात केस, तैलग्रंथी आणि मळग्रंथी असतात. मळग्रंथी या रूपांतरित घामग्रंथी होत. हाडाच्या भागातील त्वचा अत्यंत पातळ असून तिच्यात केस किंवा ग्रंथी नसतात व ती जवळजवळ थेट हाडाच्या आवरणावर पसरलेली असते. या रचनेमुळे गाठ नलिकेच्या कोणत्या भागात आहे यावरूनच तिच्या प्रकाराबद्दल बरीच कल्पना येते. मळग्रंथींचे अर्बुद बाहेरील भागात, तर हाडाची वाढ आतील भागात आढळते.

कर्णनलिकेच्या त्वचेचे एक वैशिष्ट्य म्हणजे तिचा वरचा थर पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असतो व आपल्याबरोबर मळ बाहेर आणतो. निरोगी कान स्वतःची सफाई स्वतःच करतो, ती याच यंत्रणेमुळे. नलिकेत गाठ वाढली की हा प्रवाह अडतो. नलिकेच्या पुढे जबड्याचा सांधा, मागे व खाली चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारा मज्जातंतू आणि जवळच लाळेची मोठी कर्णपूर्व ग्रंथी आहे. शस्त्रक्रिया करताना या शेजाराचे भान ठेवावे लागते.

कर्णपाळीवरील गाठी

केलॉइड: जखमेचा व्रण भरताना तंतुमय ऊतक प्रमाणाबाहेर वाढून मूळ जखमेच्या सीमेबाहेर पसरते, त्या वाढीला केलॉइड म्हणतात. जखमेच्या मर्यादेतच राहणारा जाड व्रण हा यापेक्षा वेगळा असतो व तो कालांतराने काहीसा ओसरतो. केलॉइड सहसा आपोआप जात नाही. कान टोचल्यानंतर काही महिन्यांनी पाळीच्या पुढे किंवा मागे दिसणारी गुळगुळीत, टणक, कधी खाजणारी गाठ हे त्याचे नेहमीचे रूप होय. सावळ्या व काळ्या त्वचेच्या लोकांत तसेच कुटुंबात पूर्वी कोणाला केलॉइड झाले असल्यास त्याची शक्यता अधिक असते. भारतात कर्णवेधाची प्रथा सार्वत्रिक असल्याने ही गाठ येथे दुर्मिळ नाही. मात्र अन्य गाठींशी तुलना करण्यासाठी ती माहीत असणे आवश्यक आहे.

आभासी पुटी: कर्णपाळीच्या वरच्या पुढील भागात, कूर्चेच्या आतच पिवळसर द्रव साचून हा वेदनारहित फुगवटा तयार होतो. या पोकळीला पेशींचे अस्तर नसते, म्हणून तिला ‘आभासी’ म्हणतात. ती मुख्यतः तरुण व मध्यमवयीन पुरुषांत एका कानावर आढळते. कान वारंवार चोळणे, कडक उशीवर झोपणे, हेल्मेटचा दाब यांसारखे किरकोळ आघात तिला कारणीभूत ठरत असावेत, असे मानले जाते. मार लागून कूर्चा व तिचे आवरण यांमध्ये रक्त साचते तो विकार यापेक्षा वेगळा. कुस्तीगीरांचे सुजून वेडेवाकडे झालेले कान हा अशा रक्तसंचयावर वेळीच उपचार न झाल्याचा परिणाम असतो.

वेदनादायक कूर्चाग्रंथिका: कानाच्या वरच्या कडेवर काही मिलिमीटर आकाराची, मध्ये खपली असलेली गाठ येते. ज्या कुशीवर झोपण्याची सवय असते त्याच बाजूला ती बहुधा आढळते आणि तिच्यावर दाब पडताच तीव्र वेदना होऊन झोपमोड होते. माक्स विंकलर यांनी १९१५ मध्ये तिचे वर्णन केले. ही गाठ सौम्य असली तरी याच जागी उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोगही होत असल्याने न भरणाऱ्या गाठीची तपासणी आवश्यक ठरते.

पायलोमॅट्रिकोमा: केसाच्या मुळातील पेशींपासून बनणारे हे अर्बुद लहान मुलांत व तरुणांत अधिक आढळते. डोके, मान व कानाच्या पुढील भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. त्यात चुन्याचे क्षार साचत असल्याने ते त्वचेखाली खड्यासारखे कठीण लागते. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक नाहीसे झालेल्या, फक्त बाह्यरेखा उरलेल्या ‘छायापेशी’ दिसतात व त्यावरून निदान निश्चित होते.

इओसिनोफिलयुक्त रक्तवाहिनी-लसिका वृद्धी: कानाभोवती व कर्णपाळीवर लालसर-तपकिरी, खाजणाऱ्या, सहज रक्तस्राव होणाऱ्या एक किंवा अनेक गाठी येतात. वेल्स व व्हिमस्टर यांनी १९६९ मध्ये या विकाराला हे नाव दिले. तिच्याशी साम्य असलेला किमुरा रोग मात्र वेगळा आहे. तो मुख्यतः आशियाई पुरुषांत आढळतो, त्यात गाठी खोलवर असतात, लसिकाग्रंथी सुजतात आणि रक्तातील इओसिनोफिल पेशींचे प्रमाण वाढते.

रक्तवाहिनी-अर्बुद व मज्जातंतू-अर्बुद: नवजात बालकाच्या कानावर जन्मानंतर काही आठवड्यांत दिसू लागणारा व पहिल्या वर्षात झपाट्याने वाढणारा लाल फुगवटा हे बहुधा शैशवातील रक्तवाहिनी-अर्बुद असते. पुढे ते अनेक वर्षांत हळूहळू ओसरते. मज्जातंतूंच्या आवरणापासून बनणारा न्यूरोफायब्रोमा एकटा असू शकतो किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकाराचा भाग म्हणून येतो. दुसऱ्या प्रकारात त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे अनेक डाग दिसतात.

कर्णनलिकेतील गाठी

हाडाचे उंचवटे व ऑस्टिओमा: कर्णनलिकेतील हाडाची वाढ दोन प्रकारची असते. पहिला प्रकार एक्झोस्टोसिस. यात बहुधा दोन्ही कानांत, नलिकेच्या आतील भागात, रुंद बुडाचे अनेक उंचवटे तयार होतात. थंड पाण्याच्या दीर्घकाळ संपर्कामुळे हाडाच्या आवरणाला चेतना मिळून ते वाढतात. म्हणून सागरी लाटांवर फळीने खेळणारे, पाणबुडे व थंड पाण्यात पोहणारे यांच्यात ते अधिक आढळतात. दुसरा प्रकार ऑस्टिओमा. हे खरे अर्बुद असून ते बहुधा एकाच कानात, एकटे, हाडांच्या सांध्याच्या रेषेवर अरुंद देठाने लटकलेले असते. ते एक्झोस्टोसिसपेक्षा विरळ आहे व थंड पाण्याशी त्याचा संबंध प्रस्थापित झालेला नाही.

तंतुमय अस्थिविकृती: यात कानशिलाच्या हाडातील सामान्य अस्थी-ऊतकाची जागा तंतुमय ऊतक व अपरिपक्व हाड घेते आणि नलिका बाहेरून दाबली जाऊन चिंचोळी होते. सीटी स्कॅनमध्ये हाड घासलेल्या काचेसारखे धूसर दिसते. हे अर्बुद नसले तरी परिणाम तोच होतो.

मळग्रंथींचे अर्बुद: सेरुमिनस अॅडिनोमा हा या गटातील प्रमुख प्रकार असून तो बहुतांशी मध्यम व उतारवयात आढळतो. नलिकेच्या बाहेरील भागात त्वचेने झाकलेली, मंद गतीने वाढणारी, सहसा न दुखणारी गाठ हे त्याचे स्वरूप होय. याखेरीज लाळग्रंथीत आढळणाऱ्या मिश्र अर्बुदासारखा प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा आणि अंकुरयुक्त घामग्रंथी-अर्बुद हे प्रकारही या ग्रंथींत होतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात सेरुमिनस अॅडिनोमाच्या केवळ ४१ रुग्णांचा समावेश होता, यावरून या अर्बुदाची दुर्मिळता लक्षात येते.

पूर्वी मळग्रंथींच्या सौम्य व मारक अशा सर्वच अर्बुदांना ‘सेरुमिनोमा’ हे एकच नाव दिले जाई. या नावावरून रुग्णाला साधी गाठ आहे की कर्करोग, हे कळत नसे. त्यामुळे ही संज्ञा आता टाळली जाते व प्रत्येक अर्बुदाचा नेमका प्रकार नोंदवण्यावर भर दिला जातो.

नलिकेतील रक्तवाहिनी-अर्बुद: प्रौढांच्या कर्णनलिकेत क्वचित आढळणारी ही लाल-जांभळी मऊ गाठ बहुधा नलिकेच्या मागील भिंतीवर, पडद्याजवळ असते. कानातून रक्त येणे किंवा कान भरल्यासारखा वाटणे ही तिची लक्षणे असतात.

श्वानोमा व पॅपिलोमा: श्वानोमा ही मज्जातंतूच्या आवरणाची गुळगुळीत गाठ नलिकेत फारच विरळ असते. पॅपिलोमा ही मात्र त्वचेची फुलकोबीसारखी, चामखिळीशी मिळतीजुळती वाढ असून तिचा काही वेळा मानवी पॅपिलोमा विषाणूशी संबंध असतो. ती पूर्ण न काढल्यास पुन्हा उद्भवते.

सौम्य गाठीसारखे दिसणारे विकार

कानातील प्रत्येक उंचवटा हे अर्बुद नसते. पुढील विकारांचा निदानात विचार करावा लागतो.

- कर्णमस्सा: मध्यकर्णाच्या जुनाट संसर्गामुळे वाढलेले लाल, ओले ऊतक पडद्याच्या छिद्रातून नलिकेत डोकावते. त्याचे मूळ मध्यकर्णातील नाजूक हाडांना किंवा चेहऱ्याच्या मज्जातंतूला चिकटलेले असू शकते. म्हणून तो चिमट्याने ओढून काढणे धोकादायक असते.
- मारक बाह्यकर्णदाह: मुख्यतः वयस्कर मधुमेहींत होणारा हा हाडापर्यंत पोहोचणारा गंभीर जंतुसंसर्ग आहे. तीव्र वेदना आणि नलिकेच्या कूर्चा व हाड यांच्या सांध्यावर दिसणारे लाल मांसल ऊतक ही त्याची खूण होय.
- ग्लोमस अर्बुद: मध्यकर्णात किंवा त्याखालील शिरेजवळ उगम पावणारी ही रक्तवाहिन्यांनी भरलेली लाल गाठ कधी पडदा भेदून नलिकेत येते. रुग्णाला नाडीच्या ठोक्यांबरोबर कानात आवाज ऐकू येतो.
- कुष्ठरोग: या रोगाच्या एका प्रकारात दोन्ही कानांच्या पाळ्या जाड होतात व त्यांवर गाठी येतात. त्वचेवर बधिर चट्टे किंवा हातापायांना मुंग्या असल्यास ही शक्यता तपासावी लागते. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो व ही औषधे शासकीय आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतात.
- संधिवाताचे खडे: रक्तातील यूरिक आम्ल वाढल्यास कानाच्या कडेवर त्याचे पांढरट कठीण खडे साचतात.
- कर्करोग: त्वचेचा व मळग्रंथींचा कर्करोग सुरुवातीला साध्या गाठीसारखा किंवा जुनाट कान वाहण्यासारखा भासतो.

लक्षणे

कर्णपाळीवरील गाठ रुग्णाला लवकर दिसते. नलिकेतील गाठ मात्र दीर्घकाळ लक्षात येत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत अनेकदा अकस्मात आढळते. नलिका जवळजवळ बंद होईपर्यंत श्रवणशक्ती फारशी कमी होत नाही. कारण ध्वनिलहरी जाण्यास अरुंद फटही पुरते. मग एखादे दिवशी आंघोळीचे पाणी शिरून मळ फुगतो आणि कान एकाएकी बंद होतो. कान भरल्यासारखा वाटणे, खाज, वारंवार होणारा संसर्ग, मळ न निघणे व कानात आवाज येणे ही अन्य लक्षणे होत.

पुढील लक्षणे असल्यास विलंब न करता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे आवश्यक मानले जाते.

- औषधोपचारानंतरही न थांबणारी खोल वेदना
- कानातून रक्त किंवा रक्तमिश्रित स्राव
- चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे
- काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी किंवा व्रण पडलेली गाठ
- कानाखाली वा मानेत गाठ जाणवणे
- मधुमेही व्यक्तीत रात्री झोपू न देणारी कानदुखी

यांतील वेदनेला विशेष महत्त्व आहे. मळग्रंथींचे सौम्य अर्बुद सहसा दुखत नाही. पण त्याच ग्रंथींचा अॅडिनॉइड सिस्टिक कर्करोग मज्जातंतूंच्या कडेने पसरत असल्याने लवकर दुखू लागतो.

निदान

पूर्वेतिहास व तपासणी: गाठ केव्हापासून आहे, एका कानात आहे की दोन्ही, वाढीचा वेग, वेदना, स्राव, पोहण्याची सवय, कान टोचणे वा मार लागणे, पूर्वीची शस्त्रक्रिया व मधुमेह यांची चौकशी केली जाते. त्यानंतर ऑटोस्कोप, दुर्बीण किंवा सूक्ष्मदर्शकाने कान पाहतात. प्रथम मळ हळुवारपणे शोषून काढावा लागतो. अन्यथा गाठीचे मूळ दिसत नाही. बोथट सळईने स्पर्श केल्यास गाठ हाडासारखी कठीण आहे की मऊ, देठावर आहे की रुंद बुडाची, हे समजते. कर्णपूर्व लाळग्रंथी, मान आणि चेहऱ्याची हालचाल यांचीही तपासणी होते.

श्रवणचाचणी: ५१२ हर्ट्झच्या नादकाट्याने प्राथमिक चाचणी करता येते. नलिका बंद असल्यास कपाळावर टेकवलेल्या नादकाट्याचा आवाज बाधित कानात अधिक मोठा वाटतो. ऑडिओमेट्रीने ध्वनिवहनातील दोष किती आहे याचे मोजमाप होते व आंतरकर्ण निरोगी आहे की नाही हेही कळते. शस्त्रक्रियेपूर्वी ही नोंद असणे महत्त्वाचे असते.

प्रतिमाचित्रण: कानशिलाच्या हाडाच्या सूक्ष्म छेदांच्या सीटी स्कॅनमध्ये हाडाची वाढ, हाडाची झीज आणि गाठीमागील मध्यकर्ण यांची माहिती मिळते. गुळगुळीत कडांनी दाबले गेलेले हाड मंद वाढीचे, तर कुरतडल्यासारखे हाड मारक रोगाचे किंवा तीव्र संसर्गाचे सूचक असते. एमआरआयमध्ये मऊ ऊतकांचा विस्तार, लाळग्रंथीशी असलेला संबंध व मज्जातंतूंच्या कडेने झालेला प्रसार दिसतो. लाल, ठोके देणाऱ्या किंवा पडद्यामागून आलेल्या गाठीचा तुकडा प्रतिमाचित्रणापूर्वी घेऊ नये, हा सर्वमान्य नियम आहे. ती ग्लोमस अर्बुद किंवा आडमार्गाने गेलेली मोठी रक्तवाहिनी असल्यास गंभीर रक्तस्राव होऊ शकतो.

ऊतकपरीक्षण: एक्झोस्टोसिससारख्या वाढीचे निदान पाहणीवरून व सीटी स्कॅनवरून होते, तिचा तुकडा घेण्याची गरज नसते. मऊ गाठींबाबत मात्र बायॉप्सी निर्णायक ठरते. लहान गाठ असल्यास ती पूर्ण काढून तपासणे श्रेयस्कर असते. सौम्य मळग्रंथी-अर्बुदात ग्रंथींच्या नलिका दोन थरांच्या दिसतात. आतील थराच्या पेशींत पिवळसर-तपकिरी रंगकण असतात, तर बाहेरील थर आकुंचनक्षम पेशींचा असतो. कर्करोगाच्या पेशी शेजारच्या ऊतकांत व मज्जातंतूंभोवती घुसलेल्या आढळतात. ही घुसखोरी गाठीच्या सीमेवरच दिसते. त्यामुळे पृष्ठभागावरून घेतलेल्या चिमुकल्या तुकड्यात पेशी निरुपद्रवी वाटल्या, तरी तेवढ्यावरून कर्करोग नाही असे म्हणता येत नाही. वरवरच्या बायॉप्सीचा अहवाल ‘सौम्य’ असूनही वेदना, हाडाची झीज किंवा वाढ चालू असल्यास पुन्हा खोलवर तपासणी करतात. प्रकार निश्चित करण्यासाठी गरजेनुसार विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या रंजनचाचण्याही केल्या जातात.

उपचार

उपचाराची निवड गाठीचा प्रकार, जागा, लक्षणे व रुग्णाचे वय यांवर अवलंबून असते. सौम्य असणे हे शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण असू शकते. परंतु निदान टाळण्याचे नव्हे.

निरीक्षण: लक्षणे नसलेल्या एक्झोस्टोसिस व लहान ऑस्टिओमासाठी शस्त्रक्रिया लागत नाही. ठरावीक काळाने तपासणी, साचलेला मळ काढणे आणि पोहताना कानबोळे वापरणे एवढे पुरते. मोठ्या गाठीमागे मात्र त्वचेचे पापुद्रे साचून हाड कुरतडणारा कोलेस्टिअॅटोमा तयार होऊ शकतो. म्हणून निरीक्षण म्हणजे दुर्लक्ष नव्हे.

औषधोपचार: शैशवातील रक्तवाहिनी-अर्बुदावर प्रोप्रॅनोलॉल हे मूळचे हृदयविकारावरील औषध गुणकारी असल्याचे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून गरज असलेल्या बालकांत ते वैद्यकीय देखरेखीखाली प्रथम वापरले जाते. केलॉइडमध्ये ट्रायअॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शने गाठीतच देतात. वेदनादायक कूर्चाग्रंथिकेत कानावरील दाब काढणे हाच पहिला उपचार असून मध्ये भोक असलेली उशी वापरल्याने अनेकांना आराम पडतो.

कर्णपाळीवरील शस्त्रक्रिया: गाठ काढताना कूर्चेचे आवरण व कानाचा आकार जपणे महत्त्वाचे असते. कडेवरील गाठीसाठी पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून कडा जोडतात. मोठ्या जागेसाठी त्वचारोपण करतात. आभासी पुटीतील द्रव केवळ सुईने काढल्यास तो बहुधा पुन्हा साचतो. म्हणून त्यानंतर दाब देणारी पट्टी किंवा दोन्ही बाजूंना गुंड्या शिवून दाब ठेवतात, अथवा कूर्चेचा पुढील पापुद्रा काढून टाकतात. केलॉइड नुसते कापून काढल्यास ते पुन्हा, कधी पहिल्यापेक्षाही मोठे, येण्याचा धोका बराच असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेला स्टेरॉइड इंजेक्शने, दाब देणारी कर्णभूषणे, सिलिकॉनची पट्टी किंवा निवडक रुग्णांत अल्प किरणोपचार यांची जोड देतात.

कर्णनलिकेतील शस्त्रक्रिया: देठाचा ऑस्टिओमा नलिकेच्या मार्गानेच काढता येतो. रुंद एक्झोस्टोसिससाठी अनेकदा कानामागून छेद घेतात. हाडावरील पातळ त्वचा उचलून बाजूस ठेवतात, सूक्ष्म ड्रिलने किंवा छिन्नीने हाड कमी करतात आणि त्वचा पुन्हा जागेवर पसरतात. ही त्वचा जितकी वाचेल तितकी जखम लवकर भरते. मळग्रंथींचे अर्बुद आसपासच्या निरोगी ऊतकाच्या पट्टीसह पूर्ण काढले जाते. काढलेल्या भागाच्या कडा गाठमुक्त आहेत किंवा नाहीत हे परीक्षण-अहवालात पाहिले जाते. अपुरी काढलेली गाठ काही वर्षांनीही पुन्हा उद्भवू शकते. गाठ लाळग्रंथीतून आलेली नाही याचीही खात्री करतात. रक्तवाहिनी-अर्बुद, श्वानोमा व पॅपिलोमा यांवरही पूर्ण उच्छेदन हाच उपचार असून काही ठिकाणी त्यासाठी लेसरचा वापर होतो.

गुंतागुंत व पाठपुरावा

नलिकेतील शस्त्रक्रियेत पडद्याला छिद्र पडणे, जबड्याच्या सांध्याची भिंत उघडी पडणे, ड्रिलच्या कंपनामुळे आंतरकर्णाला इजा होणे व क्वचित चेहऱ्याच्या मज्जातंतूला दुखापत होणे या गुंतागुंती संभवतात. त्वचेची मोठी हानी झाल्यास जखम आकसून नलिका पुन्हा चिंचोळी होते. म्हणून काही काळ नलिकेत औषधी पट्टी ठेवतात, पूर्ण भरून येईपर्यंत कान कोरडा ठेवण्यास सांगतात आणि वारंवार तपासणी करतात. दोन्ही कानांत वाढ असल्यास बहुधा एका वेळी एकाच कानाची शस्त्रक्रिया केली जाते. थंड पाण्याचा संपर्क चालू राहिल्यास एक्झोस्टोसिस काही वर्षांत पुन्हा वाढू शकतो. मळग्रंथींच्या अर्बुदानंतर दीर्घकाळ पाठपुरावा करतात.

काळजी

- काडी, पिन, किल्ली किंवा कापसाची काडी कानात घालू नये. त्यामुळे मळ आत ढकलला जातो, नाजूक त्वचेला जखम होते आणि गाठ असल्यास रक्तस्राव होतो.
- रस्त्यावर कान साफ करणाऱ्यांकडून मळ अथवा ‘मांस’ काढून घेऊ नये.
- कान वाहत असल्यास किंवा पडद्याला छिद्र असल्यास गरम तेल वा घरगुती रस कानात घालणे अपायकारक असते.
- गाठीला दोरा बांधणे, ती टोचणे किंवा तिला जाळणारे द्रव्य लावणे टाळावे. त्यामुळे संसर्ग होतो आणि ऊतकपरीक्षणासाठी मूळ गाठ शिल्लक राहत नाही.
- काढलेली गाठ लहान असली तरी ती तपासणीस पाठवून अहवाल जपून ठेवावा.
- कुटुंबात केलॉइडची प्रवृत्ती असल्यास कान अनेक ठिकाणी टोचून घेण्यापूर्वी विचार करावा.

इतिहास

प्राचीन भारतीय वैद्यकात कानाच्या गाठींची दखल घेतलेली आढळते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले असून त्यांत चार प्रकारचे कर्णार्श, सात प्रकारची कर्णार्बुदे व चार प्रकारचे कर्णशोफ यांचा समावेश आहे. याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात कान टोचण्याची रीत व फाटलेली कर्णपाळी सांधण्याच्या कृती स्वतंत्र अध्यायात दिल्या आहेत.

हाडांच्या उंचवट्यांचा इतिहास त्याहून पुष्कळ जुना आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासलेल्या २३ निअँडरथल मानवांच्या अवशेषांपैकी सुमारे निम्म्यांत कर्णनलिकेतील एक्झोस्टोसिस आढळले. प्राचीन सांगाड्यांतील असे उंचवटे त्या लोकांच्या पाण्याशी निगडित जीवनाचा पुरावा म्हणून पुरातत्त्वज्ञ अभ्यासतात.

केसमुळाच्या कठीण अर्बुदाचे वर्णन फ्रान्समध्ये माल्हर्ब व शेनांते यांनी १८८० मध्ये केले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शकाचा वापर रूढ झाला आणि १९७० च्या दशकापासून सीटी स्कॅन उपलब्ध झाला. त्यामुळे अरुंद नलिकेतील गाठ तिच्या मुळापर्यंत पाहून, शेजारचे अवयव न दुखावता काढणे शक्य झाले. गाठीचे अंतिम नाव मात्र आजही ऊतकाच्या परीक्षणावरूनच ठरते.

हे सुद्धा पहा

- कान
- कानाचा पडदा
- बहिरेपणा
- केलॉइड
- बायॉप्सी
- सुश्रुतसंहिता